सर्पगंधेचे वकील : डॉ. रुस्तम जाल वकील

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार व्यक्तीवर लेख मागितला, तेव्हा शिवाजी महाराज, टिळक, सावरकर, आंबेडकर हे विषय आधीच वाटले गेले होते. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या रेल्वे इंजिनीअरने मग कोणावर लिहावे? मी एका डॉक्टरांचे नाव सुचवले, तर बैठकीत दोघांनी विचारले की हे डॉक्टर की वकील. दोन्ही. आडनाव वकील, व्यवसाय डॉक्टरचा, आणि खरे म्हणजे आयुष्यात त्यांनी एक मोठी वकिली केलीसुद्धा, पण ती एका झाडाच्या मुळाची.

आधी हे सांगतो की मी या विषयाकडे वळलो कसा. आम्हा कॅरेज-वॅगनवाल्यांच्या तोंडी दिवसभर बी.पी. असते, पण ते ब्रेक पाइप. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नळीत प्रति चौरस सेंटीमीटर ५ किलो हवेचा दाब हवा, फीड पाइपमध्ये ६ किलो. ब्रेक पाइपचा दाब पडला की ब्रेक लागतात आणि गाडी उभी राहते. तीन वर्षांपूर्वी नियमित वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझे बी.पी. जास्त असल्याचे सांगितले, तेव्हा क्षणभर मला फलाटावरचा रेकच डोळ्यांसमोर आला. दुसऱ्या क्षणी आजोबा आठवले.

आजोबांना मी पाहिलेले नाही. १९६१ साली, बावन्नाव्या वर्षी, भुसावळच्या घरी सकाळी चहाचा कप हातात असताना ते एका बाजूला कलंडले. तिसऱ्या दिवशी गेले. घरात त्याला नुसते झटका आला असे म्हणत. त्यांचा रक्तदाब किती होता हे कोणी मोजलेच नव्हते, आणि त्याआधी वीस वर्षे मोजला असता तरी करण्यासारखे फारसे काही नव्हते. हे केवळ गरिबाचे दुखणे होते असेही नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता, डॉक्टर तो लिहून ठेवत होते, आणि त्यांच्या हाती विश्रांती, मीठ कमी, झोपेचे औषध एवढेच होते. ज्यांना परवडे त्यांच्या पाठीतील मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापत, तर कोणाला महिनोन् महिने नुसत्या भातावर ठेवत. काही नामांकित डॉक्टरांचे तर मत होते की वाढलेला दाब ही शरीराची गरज आहे, तो उतरवू नये.

अशा काळात मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात एक तरुण पारशी डॉक्टर रोग्यांना एका मुळाच्या गोळ्या देत होता आणि रोज पारा वर-खाली किती झाला ते लिहीत होता.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लंडनला घेतले आणि तिथे उत्तम यश मिळवले. मनात आणले असते तर तिथेच स्थिरावता आले असते, पण तिशीच्या आतच ते मुंबईला परतले आणि के.ई.एम.मध्ये हृदयरोगाचे काम पाहू लागले. आपल्याकडे तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ ही स्वतंत्र जात जवळजवळ नव्हतीच. पुढे त्यांना भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हटले गेले. के.ई.एम. हे १९२६ मध्ये सुरू झालेले, गिरणगावाच्या मधोमध उभे असलेले रुग्णालय. तिथे येणारा रोगी लंडनच्या पुस्तकातला नव्हता. महागडी शस्त्रक्रिया आणि परदेशी पथ्य त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याला परवडेल असे, घरी नेता येईल असे काही तरी हवे होते. माझ्या मते वकिलांच्या कामाची खरी सुरुवात इथून आहे, जरी चरित्रपर लेखांत ती पदव्यांपासून होत असली तरी.

आता त्या मुळाविषयी. सर्पगंधा हे हातभर उंचीचे साधे झुडूप. पांढरी-गुलाबी फुले, पिकल्यावर काळपट जांभळी होणारी छोटी फळे. हिमालयाच्या पायथ्याला पंजाबकडून सिक्कीमपर्यंत, आणि आपल्याकडे कोकण-कारवारच्या ओलसर रानात ते उगवते. म्हणजे आपल्या दोन्ही घरांचे झाड म्हणायला हरकत नाही, इथले आणि तिथले. साप-विंचवाच्या दंशावर, तापावर, पोटदुखीवर वैद्य ते देत. बिहारकडे तर त्याला सरळ पागल की दवा म्हणत, कारण बेभान झालेल्या माणसाला ते शांत करी. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. पाश्चात्त्यांनी त्याला रावोल्फिया हे नाव दिले ते सोळाव्या शतकातील एका जर्मन वैद्य-प्रवाशावरून, ज्याने बहुधा हे झाड कधी पाहिलेही नव्हते! आमच्याकडेही काही स्थानकांना अशीच नावे पडली आहेत. असो.

वकिलांच्या आधी या मुळाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते असे नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९३१ साली दोन गोष्टी घडल्या. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी बंगालमध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केले की हे मूळ वेडही शमवते आणि रक्तदाबही उतरवते. कलकत्त्याला कर्नल रामनाथ चोप्रा यांनी, ज्यांना भारतीय औषधशास्त्राचे जनक मानतात आणि जे मूळचे याच पंजाबचे, प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ पासून सर्पगंधेच्या तयार गोळ्या बाजारात मिळत होत्या. म्हणजे माल होता, गिऱ्हाईक होते, भारतातले कित्येक डॉक्टर त्या लिहून देत होते. पण भारताबाहेर हे कोणाच्या खिजगणतीत नव्हते. गावठी मूळ, गावठी दावा, म्हणून सोडून दिलेले.

वकिलांनी जवळजवळ दहा वर्षे हे औषध वापरून पाहिले आणि मग १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या मासिकात निबंध प्रसिद्ध केला. अवघी सहा पाने. विषय, कारण न सापडणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर सर्पगंधेची चाचणी. हा निबंध आता इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो. मी तो वाचला. वैद्यकीय शब्द अडले तिथे मंडळाच्याच एका सभासदांना, जे औषधशास्त्र शिकवतात, त्रास दिला. पण अडले ते शब्दच, कारण मांडणी आमच्या टेस्ट रिपोर्टसारखी आहे. कोणता रोगी, आधी दाब किती, काय दिले, किती दिवस दिले, नंतर दाब किती. कुठेही ऋषिमुनींचा जयजयकार नाही आणि आपल्या प्राचीन ज्ञानाला जगाने वंदन करावे अशी अपेक्षाही नाही. दाब उतरतो, हळूहळू उतरतो, रोग्याला शांत वाटते, आणि औषध स्वस्त आहे. वाचणाऱ्याला वाटले तर त्याने करून पाहावे.

आजच्या चाचण्यांत हजारो माणसे असतात, तेव्हा पन्नास हा आकडा लहान वाटेल. पण त्या वेळी भारतातल्या एका डॉक्टरने, भारतातल्या रोग्यांवर, भारतातल्या मुळाने केलेला प्रयोग लंडनच्या हृदयरोगाच्या मासिकाने छापावा आणि जगाने तो उचलावा, ही गोष्ट लहान नव्हती. वकील तेव्हा अडतीस वर्षांचे होते.

आणि जगाने तो खरोखर उचलला. अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी निबंध वाचून मुळाची भुकटी मागवली आणि आपल्या रोग्यांना देऊन पाहिली. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या संशोधकांनी १९५२ मध्ये मुळातील मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसर्पिन. मुठीभर मुळाऐवजी आता मिलिग्रॅमच्या अंशात काम भागू लागले. मग न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ च्या सुमारास तेच द्रव्य मनोरुग्णांना दिले. वर्षानुवर्षे आरडाओरडा करणारे, बांधून ठेवावे लागणारे रोगी शांत बसू लागले. बिहारच्या खेड्यातले नाव, पागल की दवा, सातासमुद्रापार जाऊन खरे ठरले ते असे.

१९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल ज्याची प्रतिष्ठा, तो हा पुरस्कार, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत नेथन क्लाइन होते, आणि मेंदूवरच्या दुसऱ्या एका औषधासाठी फ्रान्सचे लाबोरी, डेनिकर आणि कॅनडाचे लेहमन हेही होते. म्हणजे हृदयाचा डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकाच मांडवात. हा योगायोग नाही. त्याचे कारण समजून घेताना मला माझ्या वडिलांची काही वर्षे समजली, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत रसायने भरून ठेवलेली असतात. मेंदूचा हुकूम आला की पिशवी फुटते, रसायन बाहेर पडते आणि पुढचा संदेश जातो. रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम ज्या रसायनाने जातो ते नॉरअ‍ॅड्रिनलिन. रेसर्पिन या पिशव्या भरण्याचे तोंडच बंद करते. बाहेर राहिलेला साठा विरून जातो, हुकूम येतो पण रसायन नाही. वाहिन्या सैल राहतात, नाडी मंदावते, दाब उतरतो. आमच्या भाषेत, कॉम्प्रेसर चालू आहे पण रिझर्व्हायर भरतच नाही. पुन्हा नवा साठा जमायला दिवस लागतात, म्हणून औषध बंद केले तरी परिणाम काही काळ टिकतो.

पण अशाच पिशव्या मेंदूतही असतात. त्यांत सेरोटोनिन, डोपामिन अशी रसायने असतात, ज्यांच्यावर माणसाची उमेद, हालचाल, झोप अवलंबून. गोळीला हातापायाची रक्तवाहिनी आणि मेंदू यांतला फरक कळत नाही.

वडील रेल्वेत गार्ड होते. १९८८ साली पन्नाशीला त्यांचा रक्तदाब वाढलेला सापडला. आजोबांचे उदाहरण समोर, त्यामुळे त्यांनी गोळी एक दिवस चुकवली नाही. गावातल्या एका डॉक्टरांनी लिहून दिलेली ती छोटी स्वस्त गोळी, तिच्यात रेसर्पिन होते, हे मला आत्ता आत्ता जुन्या चिठ्ठ्या चाळताना कळले. वडील कॉलनीच्या गणपतीत ढोलकी वाजवत. मोठ्या हौसेने, आणि खरे सांगायचे तर थोडी जास्तच. दोन-चार वर्षांत, गोळ्यांचे प्रमाणही वाढल्यावर, त्यांचे नाक कायम चोंदलेले राहू लागले. ड्यूटीवरून आले की झोपत. १९९३ च्या गणपतीत ढोलकी माळ्यावरून खाली आलीच नाही. आईने दोनदा आठवण केली, तर नुसते मान हलवून व्हरांड्यात बसून राहिले. मी चौदा वर्षांचा होतो. मला वाटले, माझे गणिताचे मार्क पाहून ते गप्प झाले आहेत. आईला वाटले, निवृत्ती जवळ आली म्हणून. शेजाऱ्यांचे वेगळेच काही तरी तर्क होते. गोळीचा संशय कोणालाच आला नाही, कारण गोळी तर रक्तदाबाची, तिचा मनाशी काय संबंध?

पुढे दीड वर्षाने जळगावच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या, एक बाजूला सारली आणि तिच्या जागी दुसरी लिहून दिली. दोन-तीन महिन्यांत वडील पुन्हा बोलू लागले. १९९५ ला ढोलकी उतरली. गोळीमुळेच सारे झाले हे मी सिद्ध करू शकत नाही. रेसर्पिनच्या मोठ्या मात्रेने काही रोगी खिन्न होतात असे १९५० च्या दशकातच डॉक्टरांनी नोंदवले होते, आणि अलीकडे काही अभ्यासकांनी त्या जुन्या निष्कर्षावर शंकाही घेतली आहे. पण आमच्या सभासद-प्राध्यापकांनी हकीगत ऐकून चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिले, त्यात मला उत्तर मिळाले.

मग राग कोणावर धरायचा? काही दिवस मला वकिलांचाच राग आला होता, कबूल करतो. पण हिशोब एका बाजूने मांडून चालत नाही. अमेरिकेत सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुषांवर चाचणी केली. त्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. निम्म्यांना रेसर्पिन असलेली औषधे, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. १९६७ मध्ये निकाल छापला. पोकळ गोळ्यांच्या गटात झटका, रक्तस्राव, मृत्यू अशा २७ गंभीर घटना, औषधाच्या गटात फक्त २. दाब उतरवल्याने माणूस वाचतो, हे जगाला पहिल्यांदा इतके स्वच्छ दिसले. वडील बावन्नाव्या वर्षी गेले नाहीत. ते २०१४ पर्यंत, शहात्तर वर्षे जगले. त्यांतली मधली दोनेक वर्षे त्यांच्याकडून काढून घेतली गेली हेही खरे.

शास्त्रज्ञांनी त्या दुष्परिणामाचेही सोने केले. रेसर्पिनने खिन्नता येत असेल आणि ते मेंदूतली ही रसायने संपवत असेल, तर खिन्नतेच्या आजाराचे मूळ त्या रसायनांत असावे, असा तर्क पुढे आला आणि त्यातून मनोविकारांच्या औषधांचे कितीतरी संशोधन झाले. स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना एल-डोपा टोचले, तर ससे उठून फिरू लागले. कंपवाताच्या रोग्यांना आज जे औषध मिळते त्याचा धागा त्या सशांशी जातो. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

श्रेयाचा प्रश्न निघतोच. मूळ वैद्यांचे, द्रव्य सिद्दीकींचे, पहिली नोंद सेन-बोस यांची, पैसा स्विस कंपनीचा, मग वकिलांचे काय? माझे मत एका इंजिनीअरचे आहे. पूल पूर्वीपासून उभा असला तरी भाराची चाचणी करून आकडा फळीवर लिहिल्याशिवाय आम्ही त्यावरून गाडी सोडत नाही. तो आकडा लिहिणारा माणूस पुलाचा मालक नसतो, पण गाडी त्याच्या सहीवर जाते.

वकिलांच्या पुढच्या आयुष्यात मानसन्मान पुष्कळ आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. हृदयविकाराच्या झटक्याची पूर्वसूचना देणाऱ्या दुखण्यावर त्यांनी १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्क्युलेशन मासिकात लिहिले. अ‍ॅस्पी गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले रोगपरीक्षेचे पुस्तक वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले. हातांनी तपासायचे, कानांनी ऐकायचे, डोळ्यांनी पाहायचे, यंत्र नंतर, असे ते शास्त्र. भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने काढलेल्या वैद्यकशास्त्राच्या मोठ्या पाठ्यपुस्तकाचेही ते १९६९ मध्ये संपादक होते.

सप्टेंबर १९७४ मध्ये लॅन्सेट या मासिकात तीन ठिकाणचे अभ्यास आले, की रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो. खळबळ उडाली. पुढच्या अभ्यासांनी ते निष्कर्ष टिकले नाहीत, पण तोवर नवी औषधे आली होती आणि हे मागे पडले ते पडलेच. वकील हा उलगडा पाहायला राहिले नाहीत. २० नोव्हेंबर १९७४ रोजी, त्रेसष्टाव्या वर्षी, ते गेले.

त्या झाडाची मात्र दुर्दशा झाली. परदेशी मागणी आली तशी रानोरान मुळे उपटली गेली, आणि मूळ उपटले की झाड संपले. १९६९ मध्ये सरकारने मुळांच्या निर्यातीवर बंदी घातली. १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. मी गेल्या पावसाळ्यात इथल्या एका नर्सरीतून सर्पगंधेचे रोप आणले. नर्सरीवाल्याने ते साप पळवणारे झाड म्हणून विकले. वाचकांपैकी कोणी आणले तर मूळ उगाळून घेण्याच्या फंदात कृपया पडू नका, मी घेतो ती गोळीही वेगळी आहे. जानेवारीच्या थंडीत रोपाची सगळी पाने गळली आणि पत्नीने कुंडी मोकळी करायला काढली होती. मी ती जिन्याखाली ढकलून ठेवली. एप्रिलमध्ये बुंध्याशी तीन फुटवे आले आहेत.